बेसाची नाव

महाशिवरात्र तोंडावर आली आणि आमची नाव पुन्हा गळू लागली, त्या सकाळी मी देवावर खरंच रागावले होते. शहरात धंतोलीतल्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन होण्याआधी आमच्या ह्यांनी नवस बोलला होता. उठून बसलो तर स्वतः दुरुस्त केलेल्या नावेतून अंभोऱ्याच्या संगमाचं पाणी आणीन आणि तिथल्या टेकडीवरच्या चैतन्येश्वराला घालीन, असा. हे उठून बसले खरे, पण जन्मभर दारं-खिडक्या घडवलेला सुतार रंध्याला हात लावायला घाबरू लागला. नवस फिटो न फिटो, ह्यांचा आपल्या हातांवरचा विश्वास परत यावा, एवढंच माझं मागणं होतं.

नाव अंभोऱ्याचीच, लाकडी, छपराची, पूल झाल्यापासून काठावर पडून राहिलेली. आम्ही ती ट्रकवर घालून नदीपासून लांब, बेसा गावातल्या आमच्या घरी आणली. ऊन लागू नये, पाऊस लागू नये म्हणून टिनाच्या शेडखाली लेकरासारखी जपली. शेजारी विचारायचे, "काहून गा, बेसात पूर येऊन राहिला का?" नवसापायी हे भीत भीत रंधा हातात घ्यायचे. फळ्या तासायच्या, वाळवायच्या, पुन्हा तासायच्या. पावसाळ्यात फुगलेलं दार लागत नाही आणि गिऱ्हाईक भांडायला सुताराच्याच दारात येतं. म्हणून लाकूड खडखडीत कोरडं असावं, हा ह्यांचा धर्मच होता.

तीच नाव अंभोऱ्याच्या पाण्यात घातली आणि फळ्याफळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागलं. ह्यांनी कापूस ठासला, डांबर लावलं, पण कोणाला विचारलं नाही. सुताराचं नाक ते! दुरुस्ती होईपर्यंत आम्ही नावेतच बिऱ्हाड मांडलं. काठाशी गुडघा-मांडीभर पाण्यात ती बांधलेली असायची. तेलाच्या रिकाम्या डब्यानं मी सकाळ-संध्याकाळ पाणी उपसायचे आणि मधल्या वेळात गाव पायाखाली घालायचे. अंगणांत लाल मिरच्या वाळत असत. मांढळच्या बाजारातून मी वांगी आणायचे, टेकडीवर मंदिरात जाऊन पाच नद्या एकमेकींत मिसळताना बघत बसायचे. सासरी-माहेरी कुठे मिळाली नव्हती अशी निवांत भटकंती मला तिथे मिळाली, हे कबूल करायला हवं.

एका सोमवारी दोघंही दर्शनाला गेलो, भजनात रमलो आणि पाणी उपसायचं राहिलं. परतलो तर नाव काठाशीच तळाला टेकलेली, नुसतं छप्पर वर. अंथरूण, पीठ, सगळं पाण्यात. हे तसेच आत धावले. मी दंड धरला. "छातीचं ऑपरेशन झालं हाय तुमचं! नवस देवाचा, नावही त्याचीच. त्याले बुडवायची असन तर बुडू द्या जी!" माझ्या तोंडून हे कसं निघालं, मला माहीत नाही. मी तर आदल्या सकाळपर्यंत त्याच्याशी भांडत होते.

ओळख ना देख, पण काठावरच्या एका मासे विकणाऱ्या बाईनं आम्हाला ओसरीवर नेलं. "घर बुडालं म्हणून का उपाशी राहता काय वं?" म्हणत तिनं भाकरी वाढली. नाव काढायला मात्र कोणी मिळेना. सारं गाव जत्रेच्या तयारीत. जो तो "उद्या येतो" म्हणायचा आणि उद्या काही उजाडायचा नाही. ह्यांनी तर दुसऱ्या दिवसापासून नदीकडे बघणंच सोडलं. आता हा माणूस पुन्हा उभा राहत नाही, असं मला वाटलं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी अखेर चार-पाच जण आले. नाव ओढली, पाणी उपसलं. हे आत उतरले आणि तळाच्या सांध्यावर तळवा ठेवून बसून राहिले. पाणी येईना. थोड्या वेळानं ह्यांनी वर पाहिलं, डोळे भरलेले.

"फुगलं वं! लाकूड फुगलं! जनमभर ज्या पाण्याशी भांडलो, त्यानंच जोडली नाव!"

मी उपसून उपसून आतून कोरड्या ठेवलेल्या फळ्या बुडाल्यावर पोटभर पाणी प्यायल्या होत्या आणि आपोआप एकमेकींना भिडल्या होत्या. ऑपरेशननंतर हे पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

दुसऱ्या सकाळी ह्यांनी सुकाणू धरलं, गावातले दोघे वल्ही मारत होते. संगमाच्या मधोमध लक्षात आलं की घाईत कळशी ओसरीवरच राहिली. मग पाणी उपसायचा तोच डबा घासून घेतला आणि भरला. टेकडी चढताना कोणीतरी विचारलं, "नाव कोणाची जी?" हे डबा दोन्ही हातांनी धरून थांबले, ताठ झाले. "बेसाची हाय. म्या दुरुस्त केली." 

हाकेला कोणी आलं नाही म्हणून मी त्या दिवसांत देवाला नको नको ते बोलले. तेव्हाच कोणी धावून आलं असतं, तर नाव कोरडीच राहिली असती. आता माझी हाक उशिरा पोचते आहे असं वाटलं की मी गप्प राहते. पिंडीवर त्या डब्यातलं पाणी पडत होतं तेव्हा ह्यांचे हात मी नीट बघितले. डांबरानं काळे झालेले ते पुन्हा सुताराचे हात होते.