सामाईक भिंत

मस्तगडच्या आमच्या गल्लीत जुन्या घरांची ओळ सामाईक भिंतींवर उभी आहे. एकाच भिंतीत दोन्ही घरांच्या तुळया बसवलेल्या, म्हणून एक घर हललं की पुढचंही हलतं. शेजाऱ्यांनी घर पाडायला जेसीबी आणला, तेव्हा मी गॅस बंद केला, मुलांना समोरच्या घरी पाठवलं आणि मशीनपुढे जाऊन उभी राहिले.

“भाऊजी, मजूर लावून हातानं उतरवा. मशीननं अख्खी ओळ खाली येईल.”

“वहिनी, मी माझं घर पाडून राह्यलो. तुमच्या विटेलाबी हात लागणार न्हाई.”

“मंग आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाडा.”

ते चिडून आत आले आणि खिडकीतून त्यांनी ड्रायव्हरला हात केला. पलीकडे पहिला धक्का बसला. भिंतीतून आमच्याकडे आलेलं त्यांच्या तुळईचं टोक सरकलं, मांडणीवरचे डबे खाली आले आणि त्यांच्या खांद्यावर माती पडली.

“बंद कर! बिलकुल बंद कर!” ओरडतच ते बाहेर धावले.

दुसऱ्या दिवशी मजूर आले. पहिली तुळई त्यांनी दोर बांधून हळूहळू खाली घेतली, तोवर पलीकडे भाऊजी आणि अलीकडे मी, दोघंही भिंतीला हात लावून उभे होतो.