वीज जायची वाट बघणारा माणूस

कसबा बावड्यात वीज गेली की लोक वीज मंडळाचा उद्धार करायचे. आकाराम चौगुले मात्र केस विंचरून, हेडफोन गळ्यात घालून, मुलगी बघायला निघाल्यासारखे मळ्याकडं निघायचे. २००५च्या सुमारास भारनियमनावर मनापासून प्रेम करणारा जिल्ह्यात एवढा एकच माणूस असावा.

राजारामपुरीतलं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टीव्हीनं बुडवलं. मग त्यांनी उसाच्या कडेनं लांबलचक तार ताणली, तिला आभाळातल्या लहरींचा आवाज करणारा, हातानं जुळवलेला एक डबा जोडला आणि आभाळ ऐकू लागले. गावात वीज असली, की डब्यात तिच्या तारांची नुसती घूं घूं. वीज गेली, की लांबलांबच्या आकाशातल्या विजा फोडणीतल्या मोहरीसारख्या तडतडायच्या. आणि फार क्वचित, वर्षा-दोन वर्षांतून, एक शीळ.

शिळेबद्दल सांगताना आकाराम डोळे मिटायचे. पार मालदीवच्या खाली समुद्रावर वीज पडते. तिची लहर हवेच्याही वर निघते. तिथं उन्हानं अणू फोडून विद्युतभारित कणांचं धुकं करून ठेवलेलं असतं आणि पृथ्वीच्या चुंबकानं त्यातून न दिसणाऱ्या पायवाटा आखलेल्या असतात. त्या वाटांभोवती कण लेझीम खेळत गोल फिरतात. लहर त्यांना धक्के देत येते. एखाद्याचा ताल चुकतो, तो बिचारा खालच्या हवेत घरंगळतो. कणही लहरीला सहज सोडत नाहीत. बारीक सूर लवकर जाऊ देतात, जाड सुराला गप्पा मारत थांबवतात. म्हणून बावड्यात पोचेपर्यंत त्या कडकडाटाची शीळ झालेली असते, वरून खाली घसरत येणारी.

त्यांच्या बायकोला, बायडाबाईंना, हे सगळं पाठ होतं. पटलं मात्र नव्हतं, कारण शीळ दुसऱ्या कुणी कधी ऐकलीच नव्हती.

“अवं, कान वाजत्यात तुमचं,” त्या एकदा म्हणाल्या. “उद्या डाक्टरकडं चला. आन तो डबा भंगारवाल्याला.”

“एकदा ऐक की. न्हाय आली तर मीच नेऊन घालतो.”

पहाटे वीज गेली. दोघं बांधावर जाऊन बसली. हेडफोन बाईंच्या अंबाड्यावर बसेना, म्हणून आकारामांनी तो हातानं धरून ठेवला. जोतिबाचा डोंगर धुक्यात तरंगत होता. उसाची पाती ओली होती. पूर्वेला फटफटलं, तरी काही नाही.

“मोहरीच तडतडतीया,” बाई जांभई देत म्हणाल्या.

“थांब जरा.”

आकारामांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते बायकोचा चेहरा बघत बसले. लग्नात इतका वेळ बघितला नसेल. एकाएकी बाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“काय झालं?”

“गप बसा वो.” मग हळूच म्हणाल्या, “कोन तरी आभाळावरनं घसरत आलं... लई लांबनं. आन कानातच इरघळलं.”

“तीच ती.”

“आन एवढं दिवस तुमी एकटंच ऐकत बसला व्हय?”

वर्षानुवर्षं बोलावून दमलेल्या आकारामांनी हेडफोन धरलेला हात तेवढा बदलला.

तेवढ्यात साखर कारखान्याकडचे दिवे लागले. हेडफोनात घूं सुरू झालं. बाईंनी तो कानावर आणखी दाबून धरला.

“कशाला आली ही मेली लाईट आत्ताच,” त्या म्हणाल्या.