सकवारबाईंच्या हातचं पानक

तमिळ मुलखातल्या तांबरमच्या आमच्या गल्लीत सकवारबाईंच्या सोवळ्याला सगळे वचकून असत, मी सोडून. रामनवमीचं पानक, म्हणजे गुळाचं सरबत, करायचं तर पाणी स्वतः विहिरीतून ओढलेलं हवं. कॅनचं नको, त्याला कुणाकुणाचा हात लागलेला. उकळलेलंही नको, ते शिजलं. गूळसुद्धा डावाने नाही, हातानेच कालवायचा. "तंजावरात असंच," म्हटलं की वाद मिटला. आदल्या महिन्यात त्यांना ताप येऊन गेला होता, पण यंदा टोरांटोहून नात आलेली, सौम्या, त्यामुळे म्हातारीच्या अंगात वारं शिरलं होतं. सौम्या दोन पेले प्यायली. मी शेजारीण, मला खोकला होता म्हणून नुसतं ओठाला लावलं.

सौम्या परत गेली आणि तिकडे तापाने आडवी झाली. टायफॉइड. आम्ही म्हटलं, त्यात काय, इथे घरोघरी होतो. पण नेहमीची औषधं त्या जंतूवर चालेनात. तिचे वडील गिरीधर इथे सकवारबाईंच्याच घरात राहत; ते फोन ठेवून म्हणाले, "आता एकच औषध उरलंय म्हणतात." सकवारबाई देवासमोरून उठेनात.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, भारतात हिने काय खाल्लं-प्यायलं? गिरीधरनी विहिरीचं पाणी तपासायला दिलं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. विहीर स्वच्छ निघाली. जंतू सापडले ते सकवारबाईंच्या पोटात. आधीचा तो ताप टायफॉइडचाच; ताप गेला होता, जंतू मुक्कामाला राहिले होते.

"माझ्या हातानं गे?" त्यांनी मला विचारलं. "सोवळ्यातल्या हातानं?"

त्यांच्याजवळ बसायचीही मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाज वाटत होती.

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. औषधं घेतली, पुन्हा तपासलं, जंतू होतेच. फोन वाजला की भिंत धरून उभ्या राहत.

अखेर तिकडे सौम्याला ते उरलेलं औषध लागू पडलं. तिने स्वतः आजीला फोन केला, आवाज खोल गेलेला. "पाट्टी, बरी आहे मी. पोंगलला येते."

एरवी हे ऐकून त्यांनी गल्लीभर सांगितलं असतं. आता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वेण्डाम् कण्णा, नको बाळा," त्या म्हणाल्या. "मी आहे तोवर येऊ नको गे."