बाबांनी माझं सबमिशन लॅमिनेट केलं

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. आई जेवायला दोनदा हाक मारून गेलीय, तिसऱ्यांदा ती हाक नाही मारणार, डायरेक्ट वायफाय बंद करेल, त्यामुळे फटाफट टाइप करतेय, चुका पोटात घाला. आज कॉलेजच्या प्रदर्शनात बाबा जे बोलले ते मला अजून पचलेलं नाहीये. पण ते कळायला आधी लॅमिनेशनचं प्रकरण कळायला हवं.

तर मी बीएफए करते. पेंटिंग. शेवटचं वर्ष. आमच्या नातेवाइकांच्या भाषेत 'ती ड्रॉइंगचं काहीतरी करते'. एका काकांनी तर मला भर लग्नात विचारलंय, "म्हणजे चार वर्षं शिकून शेवटी रांगोळीचे क्लास काढणार ना?" मी म्हटलं हो काका, तुमच्या दारापासूनच सुरुवात करते. आईने चिमटा काढला.

बाबा असं काही विचारत नाहीत. बाबा काहीच विचारत नाहीत. ते अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर आहेत, क्वालिटी आणि सेफ्टी बघतात. मी आर्टला जाणार म्हटलं तेव्हा ते एवढंच बोलले, "बघ बाबा." ह्या 'बघ बाबा'वर आमच्या घरात चार वर्षं निघाली.

बाबांचा देवाबिवावर फार विश्वास नाही. त्यांचा विश्वास लॅमिनेशनवर आहे. कंपनीत ते सेफ्टीच्या सगळ्या सूचना लॅमिनेट करून भिंतीवर लावतात, आणि ती सवय चपलांबरोबर बाहेर न काढता सरळ घरात घेऊन येतात. आमचं रेशन कार्ड लॅमिनेटेड. माझा पहिलीचा रिझल्ट लॅमिनेटेड. कुलदेवीचा फोटो लॅमिनेटेड, त्याला कुंकू लावलं की घसरतं. पालेगावला नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'लिफ्टमध्ये थुंकू नये' हा कागद पहिल्याच आठवड्यात बाबांनी लॅमिनेट करून लावला. लोक आता त्याच्यावर थुंकतात, पण बाबा म्हणतात, "पुसता येतं ना."

आता माझ्या बाजूचं. शेवटच्या सेमिस्टरला ड्रॉइंगचं मोठं सबमिशन असतं. ते दिलं नाही तर वर्ष गेलं, विषय संपला. मी विषय घेतला होता हात. बारा चित्रं, सगळी चारकोलमध्ये. माझी मावशी विठ्ठलवाडीला चाळीत राहते. तिथल्या बायका उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे आणतात आणि दारात बसून शिलाईचे लोंबणारे धागे कापतात. दिवसभर कचकच कचकच. त्या हातांकडे बघत बसले आणि आपण म्हटलं, बस, हेच.

दोन महिने मी तिथे जाऊन बसत होते. बायकांना वाटायचं मी त्यांचे चेहरे काढतेय. एक काकू रोज पावडर लावून, गजरा माळून बसायच्या. पंधरा दिवसांनी त्यांनी कागदात डोकावून बघितलं.

"अगं ए, हे काय? नुसती बोटं?"

"हो काकू, हातच काढायचेत."

"मग मी काय येडी म्हणून पावडर फासतेय रोज? आधी सांगायचं, नेलपॉलिश तरी लावलं असतं!"

बारा चित्रांमधली अकरा ह्या बायकांच्या हातांची. नववं वेगळं होतं. ते बाबांच्या हाताचं. रविवारी दुपारी ते सोफ्यावर झोपले होते, हात खाली लटकत होता, अंगठ्यावर कंपनीतली जुनी भाजल्याची खूण. मी गुपचूप काढलं. त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार, तुमचा हात चोरला म्हणून?

आता चारकोल म्हणजे शेवटी कोळसाच. कागदावर काळी भुकटी नुसती बसलेली असते. बोट लागलं की गेलं. ती पक्की करायला वरून एक स्प्रे मारतात, आम्ही गरीब विद्यार्थी केसांचा स्वस्तातला स्प्रे मारतो, तो पण चालतो. माझा संपला होता. म्हटलं शेवटच्या दिवशी एकदमच मारू. तोपर्यंत घरात माझी हुकूमशाही. हात लावू नका! पंखा बंद करा! आई, शिंकायचं असेल तर बाल्कनीत जा! बाबा हे सगळं पेपरमागून ऐकत होते. दोन महिने. आणि त्यांच्या डोक्यात कंपनीसारखी नोंद झाली होती: वस्तू खराब होण्याचा धोका आहे, उपाय केलेला नाही.

सबमिशनच्या दोन दिवस आधी मी बदलापूरला मैत्रिणीकडे गेले होते, चित्रांमागे लावायचे जाड बोर्ड कापायला. संध्याकाळी घरी आले तर आईने दार उघडलं आणि माझ्याकडे बघायच्या ऐवजी चपलांच्या स्टँडकडे बघायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही. बाबांनी... तू आत तर ये."

डायनिंग टेबलवर एक थप्पी होती. चमकत होती. ट्यूबलाइट तिच्यात अख्खी दिसत होती, दोन्ही टोकांसकट.

बाबा बाजूला उभे होते. हाफ डे टाकून आले होते. बाबा! ज्यांनी माझ्या बारशालासुद्धा हाफ डे टाकला नव्हता असं आई सांगते.

"उल्हासनगरला गेलो होतो," बाबा म्हणाले. "एवढ्या मोठ्या साइजचं मशीन इकडे कुणाकडे नाही. तो सिंधी दुकानदार म्हणतो, साईं, टेन्शन मत लो, अब पानी में डालो तो भी कुछ नहीं होगा. खरंच पाणी टाकून दाखवलं त्याने."

"पाणी टाकलं?"

"एका थेंबानेही काही झालं नाही." आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून पहिल्या चित्रावरून फिरवला. "आता मार पंखा. पाचवर मार."

बरं, एवढ्यावर थांबले असते तर ते माझे बाबा कसले. प्रत्येक चित्राखाली त्यांनी कंपनीतून टाइप करून आणलेली एक पट्टी टाकली होती, तीसुद्धा प्लास्टिकच्या आतच. माझं नाव, रोल नंबर, वर्ग. आणि त्याखाली वर्णन. 'चित्र क्र. १ – स्त्रीचे हात, कात्रीसह.' 'चित्र क्र. ४ – स्त्रीचे हात, कात्रीसह (डाव्या तर्जनीस चिंधी बांधलेली).' 'चित्र क्र. ७ – स्त्रीचे हात. कात्री कापडाखाली असल्याने दिसत नाही.'

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. आईशप्पथ उघडलं होतं. पण चाळता चाळता नववं आलं. त्याखाली लिहिलं होतं, 'चित्र क्र. ९ – स्वतः.'

फॉर्मवर नात्याच्या रकान्यात लिहितात ना, तसं.

मी तोंड मिटलं. म्हटलं, "मस्त झालंय, बाबा." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला. आमच्या सरांनी थप्पी हातात घेतली, पहिलं चित्र उजेडात तिरकं करून बघितलं आणि म्हणाले, "एक मसाला डोसा, एक मेदूवडा."

"सर..."

"मेन्यू कार्डच आणलंयस ना पोरी? नियम वाचलास का? मूळ कागद दिसला पाहिजे. काच नको, प्लास्टिक नको. परीक्षक बाहेरून येतात, मी नाही काही करू शकत."

नवीन बारा चित्रं एका दिवसात होणार नव्हती. एक करून बघितलं, त्यातले हात फणसासारखे आले. तेव्हा माझी ती बदलापूरवाली मैत्रीण धावून आली. आर्ट कॉलेजात एक ब्रह्मास्त्र असतं, त्याला कन्सेप्ट नोट म्हणतात. काहीही फाटलं, सांडलं, जळलं की एक पानभर असं लिहायचं की ते मुद्दामच केलं होतं. गेल्या वर्षी एकाच्या कॅनव्हासवर मांजर चालली होती, त्याने 'प्राणी आणि अवकाश' लिहून फर्स्ट क्लास काढला.

"येडे, लिही," मैत्रीण म्हणाली. "मध्यमवर्गाची जतन करण्याची भीती. स्पर्श आणि प्लास्टिक यांच्यातला तणाव. तणाव टाकच, तणाव सगळ्यांना आवडतो."

लिहिलं. चार वेळा तणाव टाकला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, चष्मा कपाळावर, माझ्या आधी त्यांनी अकरा मुलांचा तणाव वाचला होता. माझी नोट वाचली. चित्रांसमोर उभे राहिले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, थोडे खाली बसले.

"मला फक्त ट्यूबलाइट दिसतेय," ते म्हणाले. "हे तुम्ही ठरवून केलंत?"

एक 'हो' म्हणायचं होतं. मागे मैत्रीण मान हलवून हलवून हो म्हण हो म्हण करत होती. पण माझ्या नाकासमोर नववं चित्र लटकत होतं, 'स्वतः', आणि माझ्या तोंडून आलं, "नाही सर. बाबांनी केलं. खराब होऊ नये म्हणून."

मैत्रिणीने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला.

परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. पट्ट्या वाचायला लागले. एकेक करून, बाराच्या बारा. सातव्यापाशी हसले. "कात्री कापडाखाली असल्याने दिसत नाही. बरोबर आहे, दिसत नाहीच." मग म्हणाले, "पण मूळ काम बघितल्याशिवाय मी मार्क देऊ शकत नाही. झेरॉक्स असेल तर मला काय कळणार? एक उघडून दाखवा." आणि बोट नेमकं नवव्यावर ठेवलं.

"सर, ते नको. दुसरं कुठलंही."

"का?"

"त्यात बाबा आहेत."

त्यांनी वरून खालपर्यंत माझ्याकडे बघितलं. "बरं. मग तुम्ही निवडा."

मी चार नंबर घेतलं. चिंधीवालं. माझं सगळ्यात आवडतं होतं ते, पण नेमकं तेच सगळ्यात गडद होतं, आणि जिथे चारकोल जाड होता तिथे प्लास्टिक नीट चिकटलं नव्हतं, बुडबुडे आले होते. म्हटलं सुटेल पटकन. कटरने कड कापली, ओढलं. सुटलं. पण जाताना चित्र घेऊन गेलं. अर्धे हात प्लास्टिकवर, उलटे. अर्धे कागदावर, साल निघालेले. थोडी भुकटी माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर.

परीक्षकांनी कागदावर बोट टेकवलं, बोट काळं झालं, ते त्यांनी बघितलं. "हं. अस्सल आहे." लिहून टाकलं.

पास झाले. पासापुरते मार्क, पण वर्ष वाचलं. आणि सरांनी काय करावं, तर प्रदर्शनात बाराही लावली. चार नंबरचे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी.

आता खरी भानगड. घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. "सरांना आवडलं" एवढंच. बाबांनी तेवढ्यावर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'मुलीचे काम कॉलेजमध्ये प्रदर्शित', खाली बारा अंगठे आले. आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, संध्याकाळी चित्रं उतरवून घरी न्यायची होती, तर ते आईला घेऊन हजर. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाला घालतात तो शर्ट. मी गेटवरच त्यांना चहाला न्यायला बघितलं, आले नाहीत.

आधी दुसऱ्यांची चित्रं बघितली. प्रत्येकासमोर हात मागे बांधून, कंपनीत राउंड घेतात तसे. मग माझ्या भिंतीपाशी आले. एक, दोन, तीन. चारपाशी थांबले. पट्टी वाचली. तुकड्यांकडे बघितलं. परत पट्टी वाचली.

"हे फाटलं?"

"उघडावं लागलं, बाबा." आता लपवून काय करणार. "लॅमिनेशन चालत नाही. नियम आहे."

"मग तू बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

आई एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. बाबांनी खिशातलं पेन काढलं, आणि चार नंबरच्या पट्टीवर, माझ्या चित्रावर, भर प्रदर्शनात, बारीक अक्षरात लिहिलं, '(उघडलेले)'. खाली सही आणि तारीख. क्वालिटीचा माणूस, बदल झाला की नोंद करणारच.

नवव्यापाशी ते थांबलेच नाहीत. नुसता अंगठा दुसऱ्या हाताने झाकला आणि पुढे गेले.

मला वाटलं संपलं, आता घरी जाईपर्यंत मौन. तर दारापाशी ते वळले, हॉलभर नजर फिरवली, सगळ्या मुलांची उघडी, मोकळी चित्रं, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, अगदी काळजीने,

"नियम ठीक आहे गं. पण मग ही पोरं ह्याच्यावरची धूळ कशी पुसणार?"

मी गेटबाहेर जाऊन पाच मिनिटं हसत होते आणि मग हसत नव्हते.

आत्ता ते हॉलमध्ये बसलेत. अकरा चित्रं सोफ्यामागे ठेवलीयत, मूळ प्लास्टिकमध्ये. चार नंबरचे तुकडे त्यांनी एका फाइलमध्ये घातलेत आणि मला विचारलं, "हे असंच ठेवायचं ना?" विचारलं! चार वर्षांत पहिल्यांदा! मी म्हटलं, असंच.

वायफायचा एक दांडा गेला, आई आली वाटतं. पटकन सांगा, तुमच्या घरी कुणी तुमच्या कशाची अशी प्रेमाने वाट लावून ठेवलीय का? आणि तुम्ही त्यांना सांगितलंत, की 'मस्त झालंय' म्हणालात?