बर्फवाल्याच्या घरातली शीळ

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथले अनुभव नुसते वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसते. मी सिव्हिल इंजिनियर. परभणीत राहते, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेते. 'माळ्यावर कुणीतरी चालतं' म्हणून घाबरलेल्या माणसांना मी माळ्यावरची घूस दाखवली आहे... 'रिकाम्या खोलीत बाई कण्हते' म्हणणाऱ्या एका कुटुंबाला नळाच्या पाइपातली हवा काढून दिली आहे. तेव्हा असलं काही कधी मलाच लिहावं लागेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात वालूरला जे घडलं ते भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो — भीतीचा नाही हो, आनंदाचा!

हरबाजी बर्फवाले हे नाव आमच्या भागात सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. निजामाच्या अमलातला हा मेंढपाळाचा पोरगा. मोजणी करणाऱ्या एका साहेबाच्या तंबूवर दूध द्यायला गेला, जमीन मोजायची साखळी ओढायच्या कामाला लागला आणि त्याच्यासोबत थेट हिमालयात पोचला. साहेब आजारी पडून माघारी आला, हा आला नाही. तिथल्या मेंढपाळांत मिसळला आणि त्यांच्या कळपांमागं बर्फातून तिबेटात उतरून कित्येक वर्षांनी चालत परत आला. हैदराबादेत त्याचा सत्कार झाला, माणसं लांबून त्याला बघायला यायची. आमच्याकडं बर्फ कुणी पाहिलेला? हा भेटेल त्याला बर्फच सांगायचा, म्हणून नाव पडलं बर्फवाला.

पण एका गोष्टीवरून त्याचं हसं झालं. तो म्हणायचा, कुठल्याच नकाशात नाही अशी एक खिंड मी मेंढरं घेऊन ओलांडली आहे. कागदपत्रं नदीत वाहून गेली होती, साहेबलोकांनी 'थाप' म्हणून सोडून दिलं. आणि आमच्या भागात म्हणच पडली... कुणी जरा जास्त फेकायला लागला की आजही लोक म्हणतात, 'आली का हरबाजीची खिंड!' मीसुद्धा कॉलेजात शंभरदा म्हटलेलं आहे.

त्याचं घर वालूरच्या बाहेर माळाला लागून आहे. वाडाबिडा काही नाही. काळ्या दगडाचा पाया, चुन्याच्या भिंती, आत एकच लांबच लांब दालन. एक दार दक्षिणेला, एक उत्तरेला. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि हसं झाल्यावर तो घरात कुणाला घेत नसे म्हणतात. तो गेल्यावर तिथं शाळा भरली, मग कापूस साठवला, मग रेशनचं धान्य, आणि शेवटी कुलूप. घराची वारस एकच उरली होती — हरबाजीच्या पुतण्याची मुलगी सुंद्रामावशी. सत्तरी ओलांडलेली, झरीला दिलेली, एकदम खणखणीत बाई. तिनं घर गावाला देऊन टाकलं, अट एकच... तात्याच्या, म्हणजे हरबाजीच्या, नावानं इथं संग्रहालय करा. दुरुस्तीचं काम माझ्याकडं आलं.

भिंती चांगल्या होत्या. छपराचे दोन वासे बदलले. जमीन मात्र पार खचलेली, मातीचे थरावर थर, वर शेणाची पोपडी. मी ठरवलं, सगळी उखडून टाकायची, खाली काँक्रीटचा थर देऊन वर फरशी बसवायची. अफसरभाई म्हणजे माझा नेहमीचा मिस्त्री. तो त्या दिवशी जमीन फोडायचं मशीन, ब्रेकर, घेऊन आला. सुंद्रामावशी ओट्यावर सावलीला बसून भाकरी खात होती. मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. दालन रिकामं, दोन्ही दारं सताड उघडी. वाऱ्याची झुळूक नाही.

अफसरभाईनं ब्रेकर दालनाच्या मध्यावर उभा केला, छिन्नी जमिनीला टेकवली, आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवणार...

तेवढ्यात शीळ आली.

दोन आखूड, मग एक लांब, शेवटाला मोडलेली — तरुण पोराचा आवाज फुटतो ना, तशी. आणि बाहेरून नाही हां! दालनाच्या आतून, उत्तरेच्या दाराजवळून, अगदी स्वच्छ. तिथं कुणीही नव्हतं. मी बघत होते ना!

"कौन बजाया सीटी?" अफसरभाईनं विचारलं.

मी म्हटलं, "पक्षी असेल कुठला."

पण ओट्यावर सुंद्रामावशी उठून उभी राहिली होती. हातातली भाकरी खाली पडलेली, तिला पत्ताच नव्हता.

"बाई... ही मह्या बापाची शीळ हाय."

"काय?"

"आमच्या घरची शीळ हाय ही. तात्यानं मह्या बापाला शिकवली व्हती. मेंढरं वळवायला. बाप गेला, भावांनी मेंढरं इकली... मपल्या कानानं लहानपणी ऐकली, त्याच्यानंतर आजच. दुसऱ्या कुणाला येतच न्हाई ही!"

मी काही बोलायच्या आत शीळ परत आली. तीच. तेवढ्याच जोरात. अफसरभाईनं ब्रेकर हळूच नेऊन भिंतीला टेकवला आणि स्वतःही तिथंच उभा राहिला. मी उत्तरेच्या दारापर्यंत पळत गेले. बाहेर माळ, एक बाभूळ आणि ऊन. माणूस नाही, काही नाही. खरं सांगते, भीती वाटत नव्हती. काहीतरी मोठं होणार आहे असं वाटत होतं. लहानपणी सर्कसचा तंबू उघडायच्या आधी वाटायचं तसं...

मग घंट्या वाजल्या.

दक्षिणेकडच्या रस्त्यानं एक कळप चालला होता. कुणा परगावच्या मेंढपाळाचा, आमचा त्याचा काही संबंध नाही. तो कळप रस्ता सोडून सरळ घराकडं वळला! पुढं एक काळ्या तोंडाची मेंढी, मागं धुरळा, आणि त्याच्याही मागं ओरडत पळणारा म्हातारा मेंढपाळ. "हेऽऽ! हेऽ! कुठं चाललीस गं!"

काळतोंडी ओटा चढली, सुंद्रामावशीच्या पायाजवळून दारातून आत आली. अफसरभाई एका उडीत खिडकीत. "मॅडम, हट जाव, हट जाव!"

मी भिंतीला चिकटले. आता मंडळी, नीट ऐका. मेंढरं रिकाम्या जागेत शिरली की कशी शिरतात? ढकलाढकली करत, पाणी सांडल्यासारखी पसरत. ही तशी शिरली नाहीत. एकामागं एक, एकाच ओळीत चालली. आणि सरळ नाही! दारातून आत आली की थोडी डावीकडं, मग मोठं वळण घेऊन उजवीकडं, मग मधोमध एका जागी अंग चोरून, खांदे आखडून, जसं काही दोन्ही बाजूंना कडे आहेत आणि मधून एकच मेंढी मावेल एवढी वाट आहे... आणि पुढं वळत वळत उत्तरेच्या दारातून बाहेर. अख्ख्या दालनात एक खुर्चीसुद्धा नव्हती हो! तरी प्रत्येक मेंढी त्याच जागी वळत होती, त्याच जागी अंग चोरत होती. बें नाही, बा नाही. नुसता खुरांचा आवाज.

अफसरभाईनं मघाशी छिन्नी जिथं टेकवली होती, नेमकी तिथंच ती अंग चोरत होती.

सगळा कळप पलीकडं गेला तसा म्हातारा धापा टाकत दारात पोचला. नाव दादाराव. आमच्यावरच भडकला.

"कोण शीळ घालायलंय? मही मेंढरं वळवता का? पोलिसात जाईन, सांगून ठेवतो!"

"दादा, आम्ही नाही घातली," मी म्हटलं. "तुम्हीच घातली असेल ना?"

"मी?" त्यानं तोंडच उघडून दाखवलं. "दात हायेत का मला शीळ घालाया? आन ही असली शीळ मव्हं मेंढरू वळखत बी न्हाई!"

सुंद्रामावशी त्याच्याकडं बघून हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि हसू, दोन्ही. दादाराव बिचारा गोंधळून उत्तरेकडं मेंढरांमागं निघून गेला. ती माळावर निवांत चरत होती, काही झालंच नाही अशी.

मी अजून भिंतीला टेकूनच उभी होते. अफसरभाई खिडकीतून उतरला आणि जमिनीकडं बघत राहिला. एवढ्या खुरांनी ती पोपडी फुटली होती, त्या नागमोडी वाटेवर माती उकरली गेली होती. आणि मातीत काहीतरी पांढरं दिसत होतं.

"मॅडम, ये चूना है. पुराना चूना. घोटा हुआ."

आम्ही दोघं गुडघ्यावर बसलो. थापीनं माती अलगद बाजूला केली. खाली गुळगुळीत चुना, जुन्या कारागिरांनी घोटलेला, आरशासारखा. पण तो सपाट नव्हता! वाटेच्या डाव्या अंगाला चढत होता. मी आणखी माती काढली, तो आणखी चढला. उजवीकडं काढली, तिकडंही तसाच. अफसरभाईनं हातानं माती लोटली आणि टोकाला एक गारगोटी चमकली. पांढरीशुभ्र, चुन्यात बसवलेली.

"मॅडम... ये तो पहाड है."

मी ओरडलेच! ब्रेकर त्यानं स्वतःच बाहेर नेऊन ठेवला. मग आम्ही तिघं — हो, मावशीसुद्धा, पदर खोचून — हातानं, थापीनं, केरसुणीनं माती काढत बसलो. तहान नाही, भूक नाही. ऊन कलेपर्यंत अर्धं दालन मोकळं झालं. मंडळी, जमिनीवर हिमालय पसरला होता! चुन्याचे डोंगर, प्रत्येक शिखरावर गारगोट्यांचा बर्फ, काळ्या दगडाच्या पट्ट्या बसवून केलेल्या नद्या, दोन तळी. ज्याची कागदपत्रं नदीत वाहून गेली त्या माणसानं तो घराच्या जमिनीत बांधून ठेवला होता. पुढं शाळा भरली तेव्हा पोरं अडखळून पडू नयेत म्हणून कुणीतरी वर मुरूम टाकून सपाट केलं असावं — हा आमचा अंदाज, सांगणारं कुणी उरलेलं नाही.

आणि मेंढरं ज्या वाटेनं गेली ना... ती त्या डोंगरांमधून जाणारी वाट होती. जिथं त्यांनी अंग चोरलं, तिथं दोन गारगोटीच्या शिखरांमध्ये एक अरुंद खाच होती.

खिंड.

सुंद्रामावशी त्या खाचेशेजारी बसली. मग चुन्यावरून हात फिरवत म्हणाली, "शाळंत पोरं मला चिडवायची बाई. खोटारड्याची नात म्हणून. मी शाळा सोडली ती त्याच्यापायी. बाप म्हणायचा, तात्या खोटं बोलत न्हाई, पर दाखवावं काय? आन हे बघा... पायाखालीच व्हतं की!"

मला पुढं बघवेना. मी बाहेर जाऊन प्रमोदला फोन केला. प्रमोद म्हणजे माझा नवरा, कॉलेजात भूगोल शिकवतो. फोनवर माझा आवाज ऐकून त्याला आधी वाटलं छप्पर पडलं. संध्याकाळच्या आत तो मोटरसायकलवर वालूरला हजर! दारातच बूट काढले त्यानं. मग कितीतरी दिवस लॅपटॉपवर उपग्रहाची चित्रं आणि जमिनीचे फोटो शेजारी शेजारी लावून बसायचा. एका सकाळी मी चहा करत होते तर आतून आरोळी आली, "सापडलं!" नदीचं आकड्यासारखं वळण, कानाच्या आकाराचं तळं, दोन्ही जुळत होती. आणि दोन शिखरांमध्ये, अगदी बारीक, वर जाणारी पायवाट दिसत होती. जाणकार लोक त्यावर आता अभ्यास करत आहेत, त्यामुळे मी जास्त बोलत नाही. पण वालूरच्या पारावर ती म्हण आता कुणी वापरत नाही.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. वाऱ्यानं शीळ वाजेल अशी एकही फट त्या भिंतींत नाही. प्रमोद म्हणाला चुन्यातल्या क्षारांच्या वासानं मेंढरं आली असतील, पण मग एकीनंही जमीन चाटली कशी नाही? दादारावला शोधून काढलं, हातापाया पडून कळप पुन्हा त्याच रस्त्यानं न्यायला लावला. काळतोंडीनं घराकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. अफसरभाईला विचारलं तर तो म्हणतो, "मॅडम, बुलाने वाला बुलाया, आने वाले आए. अपन बीच में कौन?"

ब्रेकरचं बटण दाबायला पापणी लवायचा अवकाश होता. मी होकार दिला असता तर सगळ्यात आधी फुटली असती ती नेमकी ती खिंड.

मावशीला मी एकदा थेट विचारलं, "कोण होतं हो ते? तात्या? का तुमचे वडील?"

ती म्हणाली, "मला न्हाई माहीत, लेकरा. पर जे कोण व्हतं, त्याचा जीव लय घाईला आला व्हता."

याच्यापुढं मला काहीच सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर सांगा. फक्त आधी एकदा वालूरला या, पादत्राणं काढून दालनात उभं राहा आणि ते डोंगर बघा.