सुकरीचा श्वास

रोज सकाळी मोरेश्वर ताम्हाणे उजव्या हाताच्या पाठीवर कागदाचा कपटा ठेवी आणि तो हलतो का ते बघत उभा राही. कपटा हलायचाच. मग हात खिशात घालून तो जव्हारच्या दवाखान्याची वाट धरी.

डॉक्टरकीची परीक्षा देऊन नुकताच संस्थानच्या नोकरीत आलेला. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकायचं, म्हणजे आधी क्लोरोफॉर्म द्यायला शिकायचं. तोंडावरच्या जाळीवर थेंब थेंब टाकत राहायचं. कमी पडला तर रोगी किंचाळत उठतो, जास्त झाला तर उठतच नाही. "जीव त्याचा, दोरी तुझ्या हातात," मोठे डॉक्टर म्हणत आणि वर हसत. मोरेश्वरला त्या हसण्याचीही धास्ती वाटे.

साखरशेतच्या सुकरीच्या बोटात कोयता घुसला होता. झाडपाल्याने पू थांबला नाही. बोट काळं पडलं, सूज मनगटापर्यंत चढली. बोट काढलं नाही तर पोर हातची जाणार होती.

"रात्रीपासून तिच्या पोटात काही नको," मोरेश्वरने तिच्या आईला, फागीला, पुन्हा पुन्हा बजावलं. फागीने दर वेळी मान डोलावली.

जाळी नाकावर आली तेव्हा सुकरीने चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं. "मरंन का, दाक्तर?"

"नाही," तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

थेंब पडत गेले. पकड सुटली. मोठ्या डॉक्टरांनी चाकू उचलला, तोच सुकरीच्या घशात घरघर लागली. तोंडातून नाचणीची आंबील भळकन बाहेर आली. ओठ जांभळे पडले. मोरेश्वर जागीच थिजला.

"बघतोस काय! मान वळव!"

त्याने मान वळवली, घशात बोटं घालून आंबील निपटून काढली, जीभ पुढे ओढली. छाती हलेना. बाहेर कुणी लाकडं फोडत होतं. त्याला तेवढंच ऐकू येत होतं. मग सुकरी खोकली आणि तिने त्याचं बोट कचकन चावलं.

"चावली!" तो ओरडला.

"चावली म्हणजे आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

सुकरीचं काळं बोट निघालं, हात वाचला. मोरेश्वर तरातरा बाहेर आला. फागी पायरीवर बसली होती.

"सांगितलं होतं ना तुला! मेली असती ती!"

"म्हून तं पाजली," फागी म्हणाली. "परतंल का नाय, कोणाला ठावं? भुकेला जीव गेला तं दारोदार फिरत राहील. पोरीला उपाशी कशी धाडू?"

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. तिचेही हात थरथरत होते.

पुढे त्याची सारी नोकरी जव्हार-मोखाड्यातच गेली. भीती काही गेली नाही. पण भूल द्यायच्या आदल्या संध्याकाळपासून तो रोग्याच्या आईला नजरेसमोर बसवून ठेवी आणि तिच्याशी बोलत राही. लोक थट्टा करत, "दाक्तराला रोग्यापेक्षा रोग्याची आयस लागते."

उतारवयात मोखाड्यात तो तापाने पडला. शेवटच्या संध्याकाळी कंपाउंडरला म्हणाला, "उद्या पोशेऱ्याच्या रामीचा पाय कापायचा आहे. तिच्या आईला दारात बसव, मला दिसेल अशी. आणि त्या माउलीला आधी जेवू घाल."