पिल्लाची हाक

कासारसाईच्या धरणावर आमचे पंप दुरुस्त करणारा गडी साध्या आवाजात बोलतच नाही. पाना मागायचा तरी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा ओरडतो. फक्त पाण्यात उतरण्याआधी तो उकिडवा बसतो, गाल आत ओढतो आणि बारीक आवाजात "ऑव, ऑव" करतो. मगरीचं पिल्लू संकटात सापडलं की असंच ओरडतं म्हणे.

"पिल्लू वरडलं की आई धावून येती," तो मला सांगतो. "मोटी मगर असं वरडत न्हाई. तिच्यासाठी कोण येणार?"

या धरणात मगर कुणी पाहिलेली नाही. तरी पन्नाशीचा हा बाप्या पिल्लू होऊन खात्री करतो. आई आली नाही, की मगच उतरतो.

परवा माझ्या पंपाचा पाइप काढताना तो छातीभर पाण्यात, गाळात रुतला. "मेलो, मेलो," म्हणून ओरडू लागला. बांधावर त्याची म्हातारी आई शेळ्या राखत होती. रोजचंच म्हणून तिनं मानही वळवली नाही. मी दोर शोधत होतो, तेवढ्यात त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "ऑव, ऑव."

म्हातारी शेळ्या टाकून धावत आली. हातातली काठी पुढं करून तिनं त्याला ओढून काढलं आणि तीच काठी त्याच्या पाठीत घातली.

"म्हणजे धरणात मगर नाही, हे नक्की ना?" मी विचारलं.

त्यानं चिखल पुसत आईकडं चोरून पाहिलं.

"हाय की," तो पहिल्यांदाच हळू बोलला. "आत्ता आली न्हवं का."